शिंपी पक्षी आणि मॉर्मन फुलपाखराच्या अळ्या एकाच गच्चीवर, लिंबाला जाळी लावू की नको?

गच्चीवरची_कुंडी, पुणे:
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आमच्या टेरेसवर निळ्या ड्रममध्ये अंजीर लावलंय, त्याला चिकटूनच कागदी लिंबाची मोठी कुंडी आणि कढीपत्ता. पाऊस सुरू झाल्यावर अंजिराला भराभर पानं फुटली आणि एका शिंपिणीने त्यातली दोन पानं कडेला कडा लावून शिवली की हो! मी आधी फक्त फोटोत बघितलेलं, प्रत्यक्ष बघितल्यावर तोंडात बोटं घालायची वेळ आली, पानाला बाहेरच्या बाजूने पांढऱ्या कापसाचे बारीक बारीक ठिपके दिसतात, टाके म्हणजे. आता आत पिल्लं आहेत, किती ते वाकून बघितलं नाहीये, पण उजाडल्यापासून दोघांची ये-जा आणि ते टुविट टुविट टुविट, एवढ्याशा जिवाचा आवाज केवढा.

घोळ पुढे आहे. लिंबावर कॉमन मॉर्मनच्या अळ्या आहेत आणि आमची मुलगी (सातवीत आहे) रोज शाळेतून आली की दप्तर फेकून आधी त्यांची हजेरी घेते. परवा शिंप्याने तिच्या डोळ्यांदेखत एक अळी उचलली, फांदीवर दोनदा आपटली आणि अंजिरात घेऊन गेला. मोठी हिरवी नव्हती, आधीची ती पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी होती. घरात रडारड, जेवण नको वगैरे. आता ती म्हणते लिंबाला जुनी मच्छरदाणी गुंडाळा, सासूबाई म्हणतात पिल्लांच्या तोंडचा घास काढू नका, आणि ह्यांचं म्हणणं अळ्या पानं कुरतडतायत तर शिंप्याला हार घाला.

तर प्रश्न असा की जाळी लावावी का? आणि दोघांत जास्त अडचणीत कोण आहे, शिंपी की मॉर्मन? मुलीचा प्रश्न वेगळाच आहे, ती विचारते की पक्ष्याला तीन-चार पिल्लं आणि फुलपाखरू एवढी अंडी घालत फिरतं, तर मग सगळीकडे फुलपाखरंच फुलपाखरं का नाहीत? मला उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे.

खिडकीतला_बर्डर:
जाळी अजिबात नको. मच्छरदाणी असो नाहीतर बागेची नायलॉनची, घरट्याच्या इतक्या जवळ लावली तर पक्षी तिच्यात पाय अडकवून घेतो. शिंप्याचं वजन सहा ते दहा ग्रॅम, म्हणजे एकदा गुंतला की सुटायची ताकद कुठून आणणार. आणि पिल्लं असताना तिथे खुडबुड केली तर आईबाप घरटं सोडूनही जाऊ शकतात. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांची घरटी-अंडी छेडणं हे शिकारीच्याच व्याख्येत बसवलंय, हे अंजिराची छाटणी करायला आलेल्या माळ्यालाही सांगून ठेवा.

बाकी तुम्ही नशीबवान आहात. ते पांढरे ठिपके नीट बघा, लांबून, दुर्बीण असेल तर फारच छान. लोक म्हणतात गाठ मारतो, पण ती गाठ नसते. मादी चोचीने पानाच्या कडेला भोक पाडते, त्यातून कापूस किंवा कोळ्याच्या जाळ्याचा तंतू ओढून घेते, आणि बाहेर आलेलं टोक पिंजून फुलवते, मग ते परत भोकातून सरकत नाही. प्रत्येक टाका सुटा. भोकं इतकी बारीक की पान हिरवंच राहतं, सुकत नाही, त्यामुळे बाहेरून घरटं आहे हे कावळ्याला कळतसुद्धा नाही. शिवणकाम बहुतेक सगळं मादीचं. नराची शेपटी विणीच्या दिवसांत लांब होते, मधली दोन पिसं सुईसारखी मागे निघतात, त्यावरून तुम्हाला नर-मादी ओळखता येईल.

अंडी साधारण तीन ते पाच, उबवायला बारा दिवसांच्या आसपास, आणि पिल्लं दोन आठवड्यांत बाहेर. म्हणजे थोडेच दिवस कळ काढा, अळ्यांवरचं संकट आपोआप कमी होईल. पिल्लांना सुरुवातीला मऊ खाणं लागतं, अळी म्हणजे त्यांचं मुख्य जेवण, दाणे टाकून काही उपयोग नाही हे आधीच सांगतो, कारण कोणीतरी इथे येऊन ज्वारी टाका म्हणणारच.

निवांत_नाना:
ज्वारी टाका 😀

गंमत सोडा. दोन्ही लीस्ट कन्सर्न, म्हणजे धोक्यात नसलेले आहेत, शिंपी पण आणि कॉमन मॉर्मन पण. कोणालाच वाचवायला नको. मुलीला सांगा निसर्ग आहे.

पण एक मला कळत नाही. ही अळी पक्ष्याच्या शिटेचं सोंग घेते म्हणे आणि मोठं झाल्यावर मादी विषारी फुलपाखराचं सोंग घेते म्हणे. एवढी सोंगं करूनही शिंप्याने सकाळच्या न्याहारीला उचललीच ना? मग ह्या नकलेचा उपयोग काय? मला तर हे सगळं पुस्तकातलं वाटतं, शिंपी बघा कसा रोकडा मामला, शिवा, खा, पोरं वाढवा.

पाकोळीवाला:
नाना, सोंग लांबून येणाऱ्यासाठी असतं. कोतवाल किंवा बुलबुल झाडावरून जाताना नजर टाकतो, त्याला पानावर शिटेचा डाग दिसतो, तो पुढे जातो, झालं काम. शिंप्याचं तसं नाही, तो पानापानाखाली डोकं घालतो, वीतभर अंतरावरून बघतो आणि पिल्लं असली की तेच झाड दिवसभर परत परत. अशा गिऱ्हाईकापुढे कुठलंही सोंग फार टिकत नाही. त्यात अळी जरा हलली की संपलं. म्हणून ही पोरं दिवसा बहुतेक वेळ मुडद्यासारखी पानाच्या मधोमध पडून असतात, ताईंच्या मुलीने बघितलं असेल.

आणि पाचव्या टप्प्यातली अळी, ती हिरवीगार जाडजूड, चार सेंटिमीटरच्या पुढे जाते. तिला अंगठ्याने हलकेच दाबून बघा (हलकेच!) डोक्यामागून लाल जिभेसारखी दुटोकी शिंगं बाहेर काढते आणि आंबट लिंबूछाप वास सोडते. हा वास मुंग्यांवर चालतो, मुंगी पळते. पक्ष्याला फारसा फरक पडत नाही. पण तोपर्यंत ती शिंप्याच्या पिल्लाच्या चोचीत मावण्यापलीकडे गेलेली असते, त्यामुळे दोघांची खरी गाठ पडते ती मधल्या थोड्याच दिवसांत.

आता ताईंच्या मुलीचा प्रश्न, तो ह्या धाग्यातला सगळ्यात भारी प्रश्न आहे. दोघांचा हिशोब समोरासमोर मांडू. मॉर्मनची मादी पान निवडायला किती वेळ घालवते ते एकदा उभं राहून बघा. लिंबाभोवती घिरट्या घालते, पानावर टेकते, पुढच्या पायांनी टपटप टपटप वाजवते, पायांनीच चव घेते ती, लिंबूवर्गातलं पान आहे ना, कोवळं आहे ना. पटलं की पोट वाकवून एकच अंडं, पिवळसर गोल मणी, आणि गेली. पुढच्या पानावर दुसरं. त्यानंतर त्या अंड्याकडे ढुंकून बघत नाही. सगळी माया त्या पान निवडण्यात संपली. शिंपीण पण पान निवडते, ते मोठं आहे का, वाकतं का, बाजूच्याला जुळतं का, पण तिची माया तिथून सुरू होते, मग शिवण, अस्तर, उबवणं, भरवणं, पिल्लं उडाल्यावरही काही दिवस मागे मागे फिरून भरवणं.

म्हणून शिंप्याला तीन-चार पुरतात आणि मॉर्मनला कितीतरी पट जास्त घालावी लागतात. शेवटी दोघांच्याही एका जोडीमागे सरासरी दोन जगले तरी संख्या जिथल्या तिथे राहते. बाकीचे कुठे जातात, तर मॉर्मनचे अंड्यातच बरेचसे संपतात, आणि त्यात पक्ष्याचा वाटा लोकांना वाटतो तेवढा नसतो. खरी मारेकरी परजीवी गांधीलमाशी. मुंगीहून बारीक. काही अंड्यातच अंडी घालतात. टेरोमॅलस गटातल्या तर अळीच्या पाठीवर जाऊन बसून राहतात, ती कोष करेपर्यंत वाट बघतात आणि कोष ओला-मऊ असताना त्यात अंडी टोचतात. मग फुलपाखराची वाट बघत बसलेल्या माणसाला कोषाला पडलेलं एक भोक आणि त्यातून बाहेर येणाऱ्या ढीगभर माश्या दिसतात. हे पाहून मोठी माणसं नाराज होतात, तुमच्या मुलीला आधीच कल्पना द्या.

खिडकीतला_बर्डर:
+१. आणि शिंप्यालाही आपला टोचणारा आहेच. पावसाळ्यात ग्रे-बेलीड कक्कू (कोकिळेच्या कुळातला) येतो, त्याचं ते पी-पिपी-पिपी ऐकू आलं की समजायचं कोणाच्यातरी घरट्यात अंडं गेलं. शिंपी आणि वटवट्या ही त्याची ठरलेली गिऱ्हाईकं. मग स्वतःपेक्षा दुप्पट-तिप्पट पोराला शिंपीण मान वर करून भरवत असते. ताई, तुमच्या घरट्यातून एकदम दांडगं काही डोकावलं तर इथे नक्की सांगा.

संत्राबाग_वरूड:
राजेहो, तुमचं शहरातलं बरं आहे, एका कुंडीवर एवढी चर्चा. आमच्या इकडे ह्या अळीला फुलपाखरू म्हणून कोणी ओवाळत नाही. शेंदूरजना घाट, वरूड ह्या पट्ट्यात संत्र्याच्या नर्सऱ्या आहेत, जंबेरीच्या खुंटावर डोळे बांधून कलमं तयार करतात. कलम वीतभर असतं तेव्हा त्याला पानं असतात किती? त्यावर लिंबू फुलपाखराची अळी चढली की दोन-चार दिवसात नुसती काडी उरते. मोठ्या झाडाला काही होत नाही, हे आधी सांगतो, दहा वर्षांच्या झाडावर अळ्या दिसल्या म्हणून फवारा मारणारा माणूस पैसे जाळतो. पण नर्सरीत मात्र पहाटे माणसं लावून वेचाव्या लागतात, नाहीतर बीटी (अळी मारणारं जिवाणूंचं औषध) मारतो.

आता आमच्याकडे दोन्ही आहेत, तुमचं मॉर्मन काळं आणि दुसरं ते पिवळे-काळे ठिपकेवालं लिंबू फुलपाखरू. अळ्या लहानपणी सारख्याच, मला फरक कळत नाही आणि कलमाला तर मुळीच कळत नाही. शिंपी म्हणाल तर आमच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बोरी, साग, करंज आहे तिथे तो असतोच, आणि त्या बाजूच्या वाफ्यात वेचायची अळी कमी निघते हा माझा अनुभव. ज्यांनी धुरे साफ करून तारेचं कुंपण केलं त्यांच्याकडे पक्षी येऊन बसणार कशावर? माझं मत विचाराल तर शिंपी शेतकऱ्याचा, फुलपाखरू कवीचं.

पाकोळीवाला:
दादा शेवटचं वाक्य सोडून सगळं मान्य 🙂 तुमचं लिंबू फुलपाखरू हे वेगळं, पॅपिलिओ डेमोलियस, नर्सरीत जास्त त्रास त्याचाच. आणि कवीचं म्हणाल तर तेच मॉर्मन मोठं झाल्यावर फुलाफुलावर फिरतं, घाणेरी, जास्वंद, मुसांडा, थोडं परागीभवन तेही करतं. शिंपी पण काटेसावरीच्या फुलात डोकं घालून रस पितो आणि कपाळ पिवळं करून बाहेर येतो. तेव्हा दोघांना असं एका-एका खात्यात टाकता येत नाही.

निवांत_नाना:
माझ्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. मादीच्या सोंगाचं. ते विषारी फुलपाखराचं.

पाकोळीवाला:
नाना विसरत नाहीत. बरं, ऐका.

कॉमन मॉर्मनचा नर एकाच तऱ्हेचा, काळा आणि मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची रांग. मादी आपल्याकडे तीन रूपांत सापडते. एक नरासारखीच. दुसरी कॉमन रोज (Rose) ह्या फुलपाखरासारखी, मागच्या पंखावर पांढरा पट्टा आणि लाल चंद्रकोरी. तिसरी क्रिमझन रोजसारखी, पुढच्या पंखावर पांढरे पट्टे. ही दोन्ही रोज फुलपाखरं लहानपणी ईश्वरीच्या वेलावर वाढतात, त्यातलं विष अंगात साठवतात, एकदा खाल्लेला पक्षी परत त्या वाटेला जात नाही. मॉर्मन लिंबू खाऊन वाढलेलं, त्याच्यात विष कसलं, पण मादी त्या रोजचा वेष घालून त्यांच्या दहशतीवर जगते. फोटो काढलात तर धड बघा, पंख नका बघू. खऱ्या रोजचं धड लाल, मॉर्मनच्या मादीचं काळं. वेष घेतला पण पोटाला रंग द्यायचा राहिला.

ही तीन रूपं एकाच आईच्या पोटी कशी येतात यावर फार वर्षं डोकेफोड चालली होती. २०१४ साली बेंगळुरूच्या एनसीबीएस ह्या संशोधन संस्थेचे कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर' ह्या विज्ञानपत्रिकेत दाखवलं की ह्या सगळ्याची किल्ली डबलसेक्स नावाच्या एकाच जनुकात आहे, जे एरवी कीटकांत नर-मादीतला फरक ठरवतं.

पण हे सोंग शिंप्यासाठी नाहीच. शिंपी उडत्या मॉर्मनच्या वाटेला फारसा जात नाही, त्याच्या मानाने ते फार मोठं, पंख पसरले की नऊ-दहा सेंटिमीटर, शिंपी स्वतः शेपटीसकट तेरा. हे सोंग वेडा राघू, कोतवाल अशा हवेत झेप घेणाऱ्यांसाठी. म्हणजे बघा, एकाच किड्याने लहानपणी एका पक्ष्यासाठी एक कपडे शिवलेत आणि मोठेपणी दुसऱ्यासाठी दुसरे.

सिंगापूरकर:
इथे आमच्या ब्लॉकखाली लाइमच्या कुंड्यांवर हीच जोडी! कॉमन टेलरबर्ड आणि कॉमन मॉर्मन, दोन्ही भारतापासून पार इकडे आग्नेय आशियापर्यंत आहेत, घरची आठवण आली की मी ह्यांच्याकडे बघते. एक फरक म्हणजे क्रिमझन रोज इकडे नाहीच, ते भारत-श्रीलंकेकडचं, त्यामुळे त्याची नक्कल करणारी मादी मला इथे कधी दिसली नाही, नक्कल करायला मुळात ओरिजिनल तर हवं ना. ठाण्याला गेले की ओवळेकर वाडीच्या फुलपाखरू बागेत चक्कर मारते, तिथे मात्र एका सकाळीत दोन-तीन रूपं बघायला मिळतात.

आणि एक, शिंप्याने एकदा आमच्या कॉरिडॉरमधल्या झाडावर शिवायला घेतलेलं, त्यात पांढऱ्या कापसाबरोबर एक लाल धागा होता, कोणाच्या तरी पायपुसण्यातून उपसून आणलेला. फोटो आहे, शोधून टाकते.

झाडेवेडी:
मॉर्मन हे महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे ना? मग तर त्याला वाचवलंच पाहिजे!!

पाकोळीवाला:
ते ब्लू मॉर्मन, वेगळं, बरंच मोठं, काळ्यावर निळी झाक. २०१५ ला जाहीर झालं, राज्य फुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र देशात पहिलं. त्याच्या अळ्याही लिंबूवर्गीय झाडांवर वाढतात, तेव्हा गोंधळ होणं साहजिक आहे. पण राज्याचं असलं म्हणून शिंपी त्याला सोडत नाही.

गच्चीवरची_कुंडी, पुणे:
सगळ्यांना खूप खूप थँक्यू. जाळी बाद. नानांचा निसर्ग आहे वाला डायलॉग मुलीला सांगितला, तिने मला खोलीबाहेर काढलं. पण पाकोळीवाल्यांचा "शेवटी दोन जगले तरी पुरे" हा हिशोब तिला पटलेला दिसतोय, कारण आता तिने तडजोड काढली आहे की लिंबावरच्या सगळ्या नाही, फक्त दोन आत आणायच्या आणि बाकीच्या शिंप्याच्या. सासूबाई पण राजी. ह्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलंय की या महिन्यात आमच्या टेरेसकडे औषध फवारणी करू नका, त्यावर नेहमीप्रमाणे डासांवरून भांडण सुरू झालंय, तो वेगळा धागा होईल.

दोन अळ्या पारदर्शक डब्यात ठेवल्यात, झाकणाऐवजी ओढणी बांधली. आता शंका अशा की, एक, पानं रोज बदलायची का? दोन, कुंडीतलं लिंबू आधीच बोडकं झालंय, तर भाजीवालीकडून आणलेला कढीपत्ता चालेल का? तीन, कोषासाठी काही वेगळं लागतं का?

पाकोळीवाला:
पानं रोज ताजी, आणि देठ ओल्या कापसात गुंडाळून ठेवा म्हणजे सुकत नाहीत, पण वाटीभर उघडं पाणी ठेवू नका, अळी त्यात पडून मरते. डब्यातली लेंडकं रोज झटकून टाका, नाहीतर बुरशी धरते.

बाजारातला कढीपत्ता नको म्हणजे नको. त्यावर फवारा असतो, धुऊन पूर्ण जात नाही, एका रात्रीत अळी काळी पडते. तुमच्याच कढीपत्त्याची पानं द्या, नाहीतर शेजारी कोणाकडे बेल असेल तर तोही चालतो. फक्त एक, लिंबावर वाढलेली अळी मोठेपणी कढीपत्त्याला नाक मुरडू शकते, म्हणून लिंबाची उरलेली पानं शेवटच्या टप्प्यासाठी राखून ठेवा.

कोषासाठी डब्यात तिरकी काडी ठेवा, थोडी खरबरीत. शेवटी अळी खाणं सोडते, पातळ शी करते आणि डबाभर सैरावैरा फिरते, तेव्हा आजारी पडली म्हणून घाबरू नका. मग काडीला कंबरेभोवती दोरा बांधून घेते. कोष हिरवा होतो की तपकिरी हे ती कुठे बसली त्यावर, त्यामुळे दोघींचे रंग वेगळे आले तरी चालेल. साधारण दहा-बारा दिवस धरा. कोष काळपट दिसायला लागला आणि आतून पंखाची नक्षी दिसली की दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठा.

निवांत_नाना:
आणि बाहेर सोडताना अंजिराकडे तोंड करून सोडू नका म्हणजे झालं.

खिडकीतला_बर्डर:
नाना, तोपर्यंत शिंप्याची पिल्लं उडालेली असतील हो. फक्त ती जोडी त्याच पावसात दुसरं घरटं घालू शकते, तेव्हा अंजिराची छाटणी आत्ताच उरकू नका. दिवाळीनंतर बघा.